भिंतीत की भिंतीवर

सोमवार, ३

आला शेवटी! माझ्या टेबलावर कॉम्प्युटर. माझा ड्रॉइंग बोर्ड उचलून कपाटामागे ठेवला, मला न विचारता.

मॅडम म्हणाल्या, "या महिन्यानंतर एकही तुळई कागदावर सोडवायची नाही. सगळं या प्रोग्रॅमवर." मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांची लेक. फ्रॉकात असताना माझं खोडरबर पळवायची. आता मी तिला मॅडम म्हणते, ती मला मावशी म्हणते. दोघींनाही त्यात काही वाटत नाही.

सव्वीस वर्षं हाताने तुळया सोडवल्यात — कुठली किती वजन पेलेल, किती वाकेल, सगळं गणित. एकही चुकलेली नाही! तिला बोलले नाही, इथे लिहिते.

मंगळवार, ४

दोन बिंदू, मध्ये रेघ — झाली तुळई. तेवढ्याला अख्खी सकाळ गेली. वजन टाकलं, "चालव" म्हटलं, तर लाल पाटी: रचना अस्थिर. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी त्याला नको ते बोलले.

मॅडमनी मागून डोकावून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "मावशी, आधार कुठे दिलेत? तुळई हवेत लोंबकळतेय!"

कागदावर आधार माझ्या डोक्यातच असायचा. याला डोकं नाही. तुळई कशावर आहे, कशी धरलीय, सगळं तोंडाने सांगावं लागतं.

बुधवार, ५

सात मीटरची तुळई. सवयीने मिलीमीटरमध्ये ७००० लिहिलं. प्रोग्रॅम मीटरमध्ये मोजत होता. सात किलोमीटरची तुळई झाली की! वाकून पार पाताळात गेली.

घरी बाबांना सांगितलं. बाबा जन्मभर सुतार. म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." वर म्हणे, "आणि तुझं अंगण केवढं लांब!" स्वतःच्या विनोदावर स्वतःच खोकला येईपर्यंत हसले.

शुक्रवार, ७

पोस्टमास्तरांचा फोन. रिटायर्ड आहेत, पण आवाज अजून खिडकीमागचाच. "तुमच्या वडिलांना समजवा. ती खुर्ची काही त्यांना आंदण दिलेली नाही!"

बाबा ब्याऐंशीचे. रोज सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात हजर. वाचनकक्षातलं मधलं टेबल, त्याची मधली खुर्ची — ती यांची. आज पोस्टमास्तर आधी जाऊन बसले, तर भांडून उठवलं त्यांना. चार पावलांवर दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या! मी ओरडले, "लहान आहात का तुम्ही?" तर म्हणे, "लेकीच्या तुळईखाली बापानं बसायचं असतं."

डोक्यावरची ती लोखंडी तुळई माझी आहे खरी. एकोणीस वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं न्यायची ठरली तेव्हा मी सोडवलेली. बाबांचं बोलणं ऐकून लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी मात्र म्हणाले होते, "तुझ्या तुळईला पोट आलंय गं." मी म्हटलं, "बाबा, तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय." वर वही काढून आकडेमोड दाखवली होती — पान न् पान. त्यानंतर पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

सोमवार, १०

मॅडम म्हणाल्या, "हाताने सोडवलेली एखादी जुनी तुळई घ्या. उत्तर माहीत असलं की सराव चांगला होतो." मी वाचनालयाचीच घेतली. ती मला पाठ आहे.

माझ्या वहीत: मधोमध सहा मिलीमीटर वाकेल. प्रोग्रॅम म्हणतो, तीस!

मला आनंद झाला. हो, झाला! तोऱ्यात मॅडमना बोलावलं — बघा तुमचं यंत्र. त्यांनी एक नजर टाकली. "मावशी, आधार कुठला निवडलात? तुम्ही तुळई नुसती टेकवलीय. वहीत दोन्ही टोकं भिंतीत घट्ट धरलेली आहेत." नुसती टेकवली की टोकं मोकळी फिरतात आणि मध्ये पोट येतं. घट्ट धरली की वाकत नाही फारशी.

मी आधार बदलला. सहा! बरोब्बर सहा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझी वही जिंकली.

मंगळवार, ११

पोट. हा शब्द काल मीच लिहिला आणि सकाळपासून डोक्यातून जाईना.

साइटची जुनी टिपणवही माळ्यावरून काढली. तुळई बसवली त्या दिवशीचं पान सापडलं. माझंच अक्षर, घाईतलं: "दोन्ही टोकं भिं."

भिं.!

भिंतीत की भिंतीवर? साइटवर मी सगळंच असं तोडून लिहायची, आणि त्याची ऐटही होती मला. दोन आठवड्यांनी ऑफिसात बसून ते "भिंतीत" असं वाचलं आणि कपाटं वर चढवण्याआधीची शेवटची आकडेमोड केली. गवंडी काय म्हणाला होता ते आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही.

बुधवार, १२

दुपारी वाचनालय बंद व्हायच्या बेताला गेले. शिडी मागून घेतली. सगळे निघाले होते, बाबा तेवढे खुर्चीत.

टोकापाशी चढले. भिंतीवर एक लोखंडी पट्टी, पट्टीवर तुळई. नुसती. टोकामागे माझं बोट गेलं.

भिंतीवर.

या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधोमध अठ्ठावीस मिलीमीटर. बाबांनी वर पाहिलं, मग पेपरचं पान उलटलं.

ऑफिसात येऊन पुन्हा चालवलं. मी धरला होता त्याच्या दीडपट ताण. जी जास्तीची ताकद आपण अडीअडचणीला ठेवतो, ती सगळी संपलीय. आणखी दोन कपाटं वर गेली असती तर?

मॅडम फोनवर होत्या म्हणून सांगितलं नाही. छे! सबब आहे ही. भीती वाटली. एकही चुकलेली नाही म्हणणारी मी! वाचनालय आता उद्या सकाळी नऊला उघडेल. त्याआधी सांगायचं. सांगायचंच.

गुरुवार, १३

आठ वाजता मॅडमच्या घरी. दारातच सांगून टाकलं, चपलाही काढल्या नव्हत्या.

"कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग काल का नाही सांगितलंत, मावशी?"

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने नुसत्या गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

नऊच्या आत दारावर पाटी: वाचनकक्ष बंद. पोस्टमास्तर माझ्यावरच तापले, "आता आम्ही पेपर काय झाडावर बसून वाचायचा?" बाबा सगळ्यांच्या आधी आलेले. त्यांनी पाटी सावकाश वाचली, दोनदा. म्हणाले, "बरं झालं." आणि घरी निघून गेले.

शुक्रवार, १४

तुळईखाली तीन लोखंडी टेकू लागले. वरची कपाटं रिकामी करायला माणसं आलीत.

मॅडम म्हणाल्या, "तुळई मजबूत कशी करायची ते तुम्हीच काढा. याच प्रोग्रॅमवर." मी म्हटलं, "अजून माझ्यावर सोपवताय?" म्हणाल्या, "आधार काय द्यायचा ते आता तुम्ही दहादा तपासाल. दुसरा कोणी दोनदाच तपासेल."

टिपणवहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: दोन्ही टोकं भिंतीवर. पूर्ण शब्द.

शनिवार, १५

सुट्टी. कपडे धुतले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते घरातच पेपर वाचतात आणि दर दहा मिनिटांनी खिडकीशी जातात.

रविवार, १६

सांगितलं. चूक माझीच होती, चष्म्याची नव्हती, म्हटलं.

बाबांनी पेपरची घडी घातली. "पोट रोज बघत होतो मी. पण परत बोललो असतो तर तू परत वही दाखवली असतीस."

"मग नेमके तिथेच का बसत होतात?"

"दुसरं कोणी बसू नये म्हणून."