शिकंजा उघडायचा नाही

३ मार्च, सोमवार

तक्ता झाला एकदाचा! सकाळी सहा ते रात्री नऊ — एकही रकाना रिकामा नाही. गोळ्या, हाताचे व्यायाम, जिभेचे व्यायाम, चालणं. केलं की निळी खूण, राहिलं की लाल. कपाटाच्या दारावर चिकटवला.

ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आज अकरा आठवडे झाले. पाय सुधारला. बोलणं नाही. शब्द ओठापर्यंत येतो, अडतो, आणि ह्यांची नजर खाली जाते. ती नजर मला बघवत नाही. म्हणून वाक्य मीच पुरं करून टाकते.

पुस्तकबांधणीचं दुकानही आता माझ्याच गळ्यात. तीस वर्षं ह्यांच्या शेजारी बसून पानं शिवली, पण चिकटवायच्या खळीच्या भांड्याला ह्यांनी कधी बोट लावू दिलं नाही. आता सगळं माझंच राज्य. हसावं की रडावं!

५ मार्च, बुधवार

वन्सं राहायला आल्या. वाटलं, हाताखाली कोणीतरी झालं. कसलं काय! सकाळी खिडकीशी डोळे मिटून अर्धा तास बसतात. भांडी तशीच पडलेली.

हात मीही जोडते, पण उभ्या उभ्या, गॅसवर दूध ठेवून. आज देवाला सांगितलं — महिनाअखेर निदान पाच शब्द तरी. वन्संनी ऐकलं. म्हणाल्या, "प्रार्थना करतेस की हुकूम सोडतेस?"

फणकारून वळले, तेवढ्यात दूध उतू गेलं.

७ मार्च, शुक्रवार

ह्यांना बोलायला शिकवायला येतात त्या बाई — मी त्यांना मनात उच्चारबाई म्हणते — आज चिडल्या. ह्यांना विचारलं, झोप कशी लागली. मी सांगितलं. विचारलं, काय खाल्लं. तेही मीच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, मला काकांचं ऐकायचंय. तुम्ही त्यांना अडखळूसुद्धा देत नाही."

आता रोज अर्धा तास ह्यांच्याजवळ नुसतं बसायचं. प्रश्न नाही, व्यायाम नाही, हातात काही नाही. मी विचारलं, हे तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहू? त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

८ मार्च, शनिवार

चार मिनिटं बसले. मग दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

१२ मार्च, बुधवार

शाळेच्या मुख्याध्यापकांनी बांधायला दिलेल्या नकाशाच्या पुस्तकाची वाट लावली.

काल सकाळी पुठ्ठ्यांना खळ लावून पुस्तक दाबाखाली राहावं म्हणून शिकंज्यात घातलं. ह्यांचा नियम पाठ आहे — एकदा आवळला की दोन दिवस हात लावायचा नाही. पण संध्याकाळी राहवलं नाही. उघडला, नुसतं बघितलं, परत आवळला. आज सकाळी परत. दुपारी परत. दर वेळी वाटायचं, ठीक आहे, पण अजून एकदा बघून घ्यावं. संध्याकाळी काढलं तर पुठ्ठे होडीसारखे वाकलेले, आणि पहिल्या नकाशात सुरकुत्याच सुरकुत्या.

खळ पातळ होती, कागद जुना होता, काय काय बडबडले मी! हे खुर्चीत बसून शिकंज्याकडे बघत होते. मग डावा हात उचलून टेबलावर ठेवला. पालथा. आणि तसाच ठेवला, हलवला नाही. शंभरदा ऐकवलेलं मला आठवलं — "खळीला तिचं काम करू दे. बघत राहिलं म्हणून ती लवकर सुकत नाही."

मी रडले. पुस्तकासाठी नाही. ह्यांनाही मी तासातासाला उघडून बघतेच आहे की.

मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांना म्हणे घाई नाही.

१३ मार्च, गुरुवार

वाकलेले पुठ्ठे काढले, सुरकुत्या ओलवून सरळ केल्या, सकाळीच नवीन खळ लावली. शिकंजा आवळला आणि त्यावर फडकं टाकलं, म्हणजे दिसायलाच नको.

तक्ता फाडला. गोळ्यांचा रकाना तेवढा कापून ठेवला — तितका वेडेपणा नको!

मग वन्संच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि परत मिटला. यादी नव्हती माझ्याकडे. म्हटलं, देवा, मला जमत नाही. आता तू बघ. हे कधीच बोलले नाहीत तर? — हाही विचार आला. तरी उठले नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फडक्याला हात लावला नाही. दोनदा जवळ गेले होते.

१५ मार्च, शनिवार

पुस्तक काढलं. सरळ! ह्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. एवढी शाबासकी तीस वर्षांत मिळाली नव्हती.

दुपारी अर्धा तास बसलो. ह्यांनी तोंड उघडलं. "द..." दूध? दार? दुखतंय? सगळे शब्द माझ्या तोंडात तयार. मी दातांखाली ओठ धरला. शब्द काही आला नाही. पण आज नजर खाली गेली नाही.

१६ मार्च, रविवार

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "द... दमलीस तू."

मला उत्तर देता येईना. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. ह्यांनी घाई केली नाही. वाट बघत बसले.