बाबांच्या बंदुकीसाठी टेकू

मेंढवाडा, ओटागो, न्यूझीलंड
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय जेसी,
स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. लोकर उतरवून झाली, गठ्ठे गेले, आणि तुझी सफरचंदं पोचली. निम्मी वाटेतच मऊ झाली होती, पण मुरंबा बरा झाला.

पत्राचं कारण वेगळंच आहे आणि तू हसणार. आपल्या बाबांच्या बंदुकीला मला टेकू हवाय. कोणता घ्यावा ते काही केल्या कळत नाही. दुकानदार म्हणतो, नळीखाली बसवायचे दोन पाय घ्या. पण त्यासाठी पुढच्या लाकडाला भोक पाडावं लागतं. बाबांनी स्कॉटलंडहून जपून आणलेल्या अक्रोडाच्या लाकडाला भोक! शेजारचा कॉलिन टेट म्हणतो, फोटोवाल्यांचं असतं तसं तिकाटणं घे. त्याचा मेव्हणा चार पायांचं काहीतरी सांगत होता. चार पायांचंच न्यायचं तर मेंढरू काय वाईट?

हसू नकोस, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. गेल्या एप्रिलात माझी गोळी एका हरिणीच्या पायाला लागली. दोन दिवस शोधत फिरलो. तिसऱ्या दिवशी सापडली तेव्हा ती जिवंत होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. येत्या एप्रिलात हरणांचे नर माजावर येऊन ओरडायला लागायच्या, म्हणजे शिकार सुरू व्हायच्या आत मला माझी खात्री पटली नाही, तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून मोकळा होणार आहे.

लोभ आहेच, तो वाढवला नाहीस तरी कमी करू नकोस.
तुझा,
मर्डो

मोटुएका
२० फेब्रुवारी १९८४

प्रिय मर्डो,
स. न. वि. वि.

पत्र वाचून हसलेही आणि मग भाकरीचं पीठ तसंच ठेवून बाहेर जाऊन बसले. वर्षभर एकटा ते मनात घेऊन बसलास! टॉम गेला, मी या घरात एकटी पडले, तेव्हा मला कोण म्हणत होतं की मनात ठेवू नये?

आता एक सरळ विचारते. जन्मभर तू पाठपिशवीवर बंदूक टेकवून पोटावर झोपून नेम धरलास. मग आत्ताच टेकू कशाला आठवला? गुडघे की हात? दुकानदाराला नसेल सांगितलंस, मला सांग.

टेकूचं म्हणशील तर फार डोकं चालवू नकोस. मी बागेतल्या सशांसाठी घेवड्याच्या वेलाला लावायच्या दोन काठ्या वापरते. वरच्या टोकाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधायच्या, खाली फाकवायच्या, की झाली कैची. पण तिथे अडूनही बसू नकोस. माझ्या हातात ससा मारायची बंदूक, तुझ्या हातात ती. जमतं का ते आपलं आपण पाहावं.

जेवत जा. नुसत्या चहाबिस्किटांवर राहतोस ते मला कळतं.
माया आहे तशी राहू दे.
तुझी,
जेसी

मेंढवाडा
४ मार्च १९८४

प्रिय जेसी,
स. न. वि. वि.

दोन्ही. गुडघे वाकले तर उठत नाहीत, आणि कप बशीवर ठेवताना खुळखुळतो. झालं समाधान?

काठ्या केल्या. कॉलिनचं तिकाटणंही मागून आणलं. आणि आता माझी मती पार गुंग झाली आहे. लोकरीच्या शेडजवळ कुंपणाचा लोखंडी खांब आहे ना, त्याच्या डोक्यावर नळी दाबून धरली की पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत, बरोब्बर मधोमध. तुझ्या काठ्यांवर ठेवली की वीतभर खाली. तिकाटण्यावर, वीतभर खाली. शेवटी चिडून पाठपिशवी टेबलावर ठेवली, तरी तेच. काठ्या वाईट म्हणाव्यात तर तिकाटणंही वाईट आणि पिशवीही? कॉलिन म्हणाला, दारूगोळा जुना झालाय. नवी पेटी आणली. खांबावर मी शहाणा, बाकी सगळीकडे खुळा!

मला वाटतं, खांब जमिनीत पुरलेला आहे, तो माझा हात सांभाळून घेतो. बाकी टेकू हातावर चालतात, आणि हात गेला. कुंपण खांद्यावर घेऊन डोंगर काही चढता येत नाही. पोलीस ठाण्यातल्या पोराशी बोलून ठेवलंय. महिनाअखेरीला नेऊन देईन.

रागावू नकोस. आठवण ठेव म्हणजे झालं.
तुझा,
मर्डो

मोटुएका
९ मार्च १९८४

प्रिय मर्डो,
स. न. वि. वि.

थांब. कुठेही नेऊ नकोस. आधी एवढं सांग, बंदुकीवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नेम शेवटचा कधी जुळवलास, आणि तेव्हा बंदूक कशावर टेकवली होतीस?

कापणाऱ्या हाताच्या गोळ्या चहूकडे सांडतात, एकाच जागी वीतभर खाली नाही जात. तुम्ही मेंढवाले लोक कुंपणाच्या खांबाला घोडा बांधता, दार टेकवता, पाठ खाजवता, तशीच बंदूकही टेकवलीस! लोखंडावर नळी टेकली की बार उडताना ती वर उसळते, गोळी वर जाते. तू तिथेच दुर्बीण जुळवली असशील, तर ती खांबापुरतीच खरी, बाकी कशावरही गोळी खालीच जाणार. बाबा काय सांगायचे? लाकूड टेकवा, नळी नाही, आणि मऊ वस्तूवर. लोकरीच्या गठ्ठ्यावर तुला नेम शिकवायचे तेव्हा मी शेजारी बसून भोकं मोजायचे. तू नेमबाज झालास, मी मोजणारी राहिले. बंदूक पोरींच्या हातात द्यायची नसते म्हणे. सगळं ऐकलं मात्र मीच.

काठ्यांच्या बेचक्यात मेंढीच्या कातड्याचा तुकडा घाल, दुर्बीण नव्याने जुळव आणि खरं काय ते कळव. तोवर जीव टांगणीला आहे.
तुझी,
जेसी

मेंढवाडा
२४ मार्च १९८४

प्रिय जेसी,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मार्चमध्येच. गुडघे दुखत होते, गठ्ठ्यामागे झोपवेना, म्हणून खांबापाशी उभ्याने जुळवली. म्हणजे हरिणीच्या पायाला गोळी लागली ती खांबामुळे. वर्षभर मी रोज सकाळी हाताकडे बघून त्याला शिव्या दिल्या. आता हाताची माफी मागू, की खांबापाशी उभं राहणाऱ्या गाढवाला जोडे मारू, काही सुचत नाही. दोघे एकच माणूस आहेत.

कातडं घातलं. दुर्बीण जुळवली. बंदूक खरी निघाली आणि तुझ्या काठ्याही. तिकाटणं परत केलं. ते उभं करेपर्यंत हरीण म्हातारं होईल. पण तू खरं कळव म्हणालीस. दहा गोळ्यांपैकी आठ मधोमध. दोन बाहेर, एक डावीकडे, एक कुठे गेली कुणास ठाऊक. त्या दोन माझ्या. काठ्या लाकूड धरतात, चाप ओढणारं बोट नाही धरत. दवाखान्यात जाऊन आलो. हाताचं हे वाढत जाणार, डॉक्टर म्हणाले. दहात दोन म्हणजे पुन्हा तीन दिवस. ते मी करणार नाही.

म्हणून काठ्यांची गाठ सोडली आणि चार बोटं खाली, तुझ्या खांद्याच्या बेताने पुन्हा बांधली. ठाण्यात गेलो होतो, पण बंदूक द्यायला नाही. तुझ्या नावावर करायला काय कागद लागतात ते विचारायला. हे पन्नास वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण बंदूक मला मिळत होती. लाज वाटते.

येशील का? रागावली असशील तरी ये.
तुझा,
मर्डो

मोटुएका
२९ मार्च १९८४

प्रिय मर्डो,
स. न. वि. वि.

तीन कागद फाडले, हा चौथा. रागावले आहे की नाही तेच मला कळत नाही. जन्मभर ती बंदूक हवी होती. तुझा हात धडधाकट असता आणि तू दिली असतीस, तर नाचत आले असते. आता तुझ्या हातातून सुटली म्हणून माझ्या हातात येतेय, आणि मला ती नकोशी वाटते, आणि दुसऱ्या कुणाला दिलीस तर तुझं तोंड पाहणार नाही.

शनिवारच्या गाडीने निघते. घरात मटण असू दे. डोंगरावर काठ्या तू घ्यायच्यास, बंदूक मी. आधी लोकरीच्या शेडपाशी मला दहा गोळ्या मारू दे. भोकं तू मोज. दहातली एक जरी बाहेर गेली तरी ती कमी करून सांगू नकोस. तशी गेली, तर आपण दोघेही बंदूक घरी ठेवून नुसती डोळ्यांना लावायची दुर्बीण घेऊन वर जाऊ आणि नरांचं ओरडणं ऐकून परत येऊ.

आणि दहाही आत गेल्या, तर मर्डो, मला मोठ्याने सांग. बाबा होते तेव्हा कुणी सांगितलं नाही.

भेटीची वाट बघते.
तुझीच,
जेसी