एका काठीची रेघ

कुइक्काला, ४ फेब्रुवारी १९७८

चि. आउनेस,
अ. उ. आशीर्वाद.

तू विणलेले मोजे पोचले. एक माझ्या पायाचा, दुसरा अस्वलाच्या. पण ऊब दोन्हींना सारखीच आहे. तुर्कूसारख्या शहरात राहून विणकाम विसरली नाहीस हे काय कमी!

इकडे तळं टणक गोठलंय. बर्फ पडला की मी पहाटे उठून रानातली आणि तळ्यावरची स्कीची वाट पाडते आणि मग स्कीवरून येणाऱ्यांसाठी कॉफीची खोली उघडते. रविवारी वेलदोड्याचे पाव पुरत नाहीत.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. आठवडाभर रोज सकाळी तळ्यावरून एक स्कीची रेघ माझ्या लाकडाच्या खोपटामागे येऊन थांबलेली दिसते. तिथला बर्फ तुडवलेला असतो. कोणीतरी बराच वेळ माझ्या खिडकीकडे बघत उभं राहतं आणि आल्या वाटेने परत जातं. काठीच्या खुणा फक्त डाव्या बाजूला. उजव्या बाजूला काहीच नाही. तुझे दाजी गेल्यापासून या घरात मला एकटीला कधी भीती वाटली नव्हती. आता पडदे ओढून घेते.

आठवण ठेव, त्यातच सगळं आलं.
तुझी सिल्वीताई

तुर्कू, ८ फेब्रुवारी

ती. सिल्वीताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला घास गेला नाही. लिहू की नको म्हणे! अगं, उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर ते मला पेपरात वाचायचंय का? पोलिसांना कळव. निदान हेल्वीबाईंना सोबतीला बोलाव. शाळेत त्या नुसत्या खाकरल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचा, चोराची काय कथा.

आणि त्या रेघेमागे एकटी जाऊ नकोस. तू जाणार, हे मला माहीत आहे. म्हणूनच दोनदा लिहिते: जाऊ नकोस.

उलट टपाली खुशाली कळव. जीव टांगणीला लागलाय.
तुझी आउने

कुइक्काला, १३ फेब्रुवारी

चि. आउनेस,
अ. उ. आ.

गेले. रागावू नकोस.

रेघ माझ्या वाटेने जातच नव्हती. पुलापाशी, जिथे बर्फाखालून पाणी धावतं आणि जिथून मी झाडाच्या फांद्या रोवून लोकांना लांब वळवते, बरोबर तिथून ती पलीकडे गेली होती. मी तिथेच स्कीवर थांबले. खालून खळखळ आवाज येत होता. पातळ बर्फावरून जाणारा माणूस एक तर वेडा, नाही तर त्याला गावाच्या खिडक्यांतून कोणाच्या नजरेला पडायचं नसतं. मी काठाकाठाने वळसा घालून पलीकडे गेले.

रेघ ताइस्तोच्या घरी जाते. लाकूडतोडीवरचा मुकादम ताइस्तो. मागच्या दारात त्याची बायको माइरे राख टाकत होती. उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला. मला पाहून तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी तिची चूक पकडायला आलेय असंच तिला वाटलं असावं. मी विचारलं, पोरी, दार का नाही वाजवलंस. ती म्हणाली, वाजवलं असतं तर परत जाता आलं नसतं. तेवढ्यात आतून त्याची हाक आली आणि ती धावली.

वर्षामागे ती पोलिसांकडे गेली होती, म्हणे. त्यांनीच तिला गाडीत घालून घरी आणून सोडलं.

आउने, मी तिला घाबरत होते गं.

सिल्वीताई

तुर्कू, १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी भित्री आहे, तुला ठाऊक आहे. रात्री जिन्यात पाऊल वाजलं तरी दिवा मालवून बसते. पण विणकामाची खोली रिकामीच आहे आणि तिथे पलंग मावतो. तिला माझ्याकडे पाठव. मी फार विचार करायच्या आत पाठव.

तुझीच आउने

कुइक्काला, २२ फेब्रुवारी

चि. आउनेस,

हे पत्र माइरेच्याच हाती देतेय. तीच ही. तिला आधी खायला घाल, मग प्रश्न विचार.

काल दुपारी तिने दार वाजवलं. मी तिला कॉफी दिली, मग हात शेकायला मागच्या सॉनाच्या गरम खोलीत बसवलं. तेवढ्यात तळ्यावरून बर्फगाडीचा आवाज आला. ताइस्तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, बायको आलीय का इकडे. मी म्हटलं नाही. तो म्हणाला, रेघ तर दारापर्यंत आलीय. मी म्हटलं, सगळ्या गावाच्या रेघा माझ्या दारात येतात, त्यावरच माझं पोट चालतं. मग त्याची नजर टेबलावर गेली. कप दोन होते.

माझ्या तोंडातून निघालं, तो माझ्या नवऱ्याचा. रोज भरते मी. आणि मी खुर्चीवर बसून त्या रिकाम्या जागेशी बोलायला लागले, की बघा हो, ताइस्तो आलाय, त्याला बस म्हणा. तो दोन पावलं मागे सरला आणि गाडीवर बसून निघून गेला. दाजी असते तर हसून लोळले असते. मी मात्र उठून आधी दाराला कडी घातली.

आज सकाळच्या बसने तिला पाठवतेय. हेल्वीबाई स्टेशनपर्यंत सोबत आहेत.

सांभाळ तिला.
सिल्वीताई

तुर्कू, २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचली. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळलंय, पुन्हा बसवावं लागेल. जेवते थोडी, झोपते पुष्कळ. फोन वाजला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो. पण भीती दोघींत वाटून घेतली की तिचं वजन उतरतं, हे मला या वयात कळलं. मला आता काळजी तुझी. तो गप्प बसणार नाही.

तुझी आउने

कुइक्काला, ६ मार्च

चि. आउनेस,
अ. उ. आशीर्वाद.

नाहीच बसला. काल रविवारी खोली माणसांनी भरलेली असताना तो आला, मधल्या बाकावर बसला आणि त्याने कॉफी मागितली. माझ्याकडे बघून हसला. मीच तिला लपवून पाठवलं, हे त्याला कळलं होतं.

मी हातातली किटली खाली ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, ताइस्तो, माइरेचा हात तू मोडलास, तुला इथे कॉफी नाही.

सगळ्यांनी माना कपात घातल्या. आउने, तोच क्षण सगळ्यात वाईट. कोणाला नवल वाटलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही असायला हवं होतं. तो उठला आणि माझ्या दिशेने आला. मला वाटलं, आता कोणी काही बोलणार नाही.

हेल्वीबाई उठल्या. जाऊन त्यांनी दार सताड उघडलं आणि हाताने धरून उभ्या राहिल्या. बाहेरची थंडी आत घुसली, कॉफ्या निवल्या, लोकांच्या तोंडातून वाफ निघायला लागली. त्याने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग तो गेला.

तो पुन्हा येईल. मी दाराला नवी कडी बसवलीय आणि आवाज झाला की अजून दचकते. माइरेला खोटा धीर देऊ नकोस. एवढंच सांग, दार बराच वेळ उघडं होतं, आणि एकही जण लावा म्हणाला नाही.

माया पातळ होऊ देऊ नका, दोघीही.
तुमची सिल्वीताई