कपाटावर चढलेली मुलगी

तीर्थस्वरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस ना, की व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाच समोर बसवून तिचं शुद्धलेखन सुधारतेस? (आतोबांनी फोनवर तसंच काहीसं सांगितलं.) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायला गेले आणि हात अडखळला. काहीही ठीक नाही. शाळेतून आले ती चपलासुद्धा न काढता टेबलाशी बसलेय. पाण्याचा पेला समोर आहे आणि तो उचलायचं भान नाही.

झालं असं, की आमच्या शाळेत नवीन समुपदेशक बाई आल्या. फार मऊ बाई. दार असं लावतात, जणू दाराला नुकतीच झोप लागलीय. त्यांनी आम्हा सगळ्या शिक्षकांना बालवाडीच्या खुर्च्यांवर बसवलं (उठताना गणिताच्या सरांबरोबर खुर्चीही उठली) आणि सांगितलं, आजपासून ओरडणं बंद. मूल चुकीचं वागलं की तिकडे काणाडोळा करायचा, नीट वागलं की तिथल्या तिथे, नेमक्या शब्दांत कौतुक करायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे चांदणी चिकटवायची. आता माझा आवाज तुला माहीत आहे. मी हजेरी घेते तेव्हा शेजारच्या वर्गातली मुलंही 'हजर' म्हणतात. तुझ्यासारखं नुसतं चष्म्यावरून बघून वर्ग गार करणं मला कधी जमलं नाही. पण म्हटलं, करून तर बघू.

आमच्या चौथीत एक मुलगा आहे, त्याला सगळी शाळा भूकंप म्हणते. (चुकून कधी कधी त्याची आईसुद्धा.) पहिल्याच दिवशी तो शिंक यायला लागतो तेवढा वेळ जागेवर टेकला आणि मी झडप घातली. "वा! पाय बाकाखाली, हात वहीवर, किती छान बसलास!" आत्या, त्याने मागे वळून पाहिलं. मी कोणाशी बोलतेय ते त्याला कळेना. मग कानापर्यंत लाल झाला आणि तास संपेपर्यंत हलला नाही. मी थक्क! खोटं कशाला सांगू, घशाच्या गोळ्या बंद झाल्या माझ्या.

पण पोरगं हुशार. त्याला यातली मेख कळली. बाक पाडायचा, मी काणाडोळा करायचा, मग त्यानेच तो उचलायचा आणि मी चांदणी द्यायची. हे बाकीच्यांनी पाहिलं मात्र, वर्गात आधी कागद फाडणाऱ्यांची आणि मग तेच कागद वेचणाऱ्यांची झुंबड उडाली. तक्ता चांदण्यांनी गच्च भरला. समुपदेशक बाई येऊन फोटो काढून गेल्या.

आणि काल तर कहरच झाला. भाषेचा तास होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि पाठीमागे एकदम शांतता. मी खूश होऊन, हातात चांदणी घेऊनच वळले. बघते तर सगळ्यांच्या माना वर. नकाशांच्या लोखंडी कपाटावर, पृथ्वीच्या गोलाशेजारी, पाय खाली सोडून सावली बसलेली! (सावली म्हणजे खिडकीशी बसणारी एक मुलगी. इतकी गप्प, की बदली शिक्षक तिची गैरहजेरी लावून मोकळे होतात.) खिडकीच्या कट्ट्यावरून चढली असणार. पद्धत म्हणते काणाडोळा करा. म्हणून मी काणाडोळा करत करत पंखा तेवढा बंद केला आणि म्हणाले, "खाली बसलेली मुलं किती छान खाली बसलीयेत!" त्यावर भूकंप काळजीने म्हणाला, "बाई, ती पडेल ना!"

मग मी विनवलं, "बाळा, उतर. आपण बाकावर बसतो ना?"

"बाई, बसलेच होते की," ती वरून म्हणाली. "पहिलीपासून बसलेय."

मी तक्त्याकडे पाहिलं. तिच्या नावापुढे एकही चांदणी नव्हती. एकही नाही, आत्या! जी कधी बिघडलीच नाही तिला सुधारल्याचं बक्षीस देणार तरी कधी? थोड्या वेळाने हेडसर आत आले आणि समोरचा प्रकार पाहून त्यांचा चष्माच घसरला.

आज तिच्या आईला बोलावलं. शिवणकाम करते, मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावत आलेली. "चढली? आमची? आपणहून?" असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं आणि शपथेवर सांगते, ती हसू दाबत होती. हेडसरांना मात्र हसू आलं नाही. सोमवारपासून मुलगी दुसऱ्या तुकडीत, असं त्यांनी जाहीर केलं. (त्या तुकडीत उचकी यायलाही परवानगी लागते.) समुपदेशक बाई म्हणाल्या, "चूक तिची नाही. आपण फक्त आवाज करणाऱ्यांकडेच बघत राहिलो." पहिल्यांदाच त्यांनी दार धाडकन लावलं.

आज मी तक्ता बाजूला ठेवून बाकाबाकापाशी गेले, प्रत्येकातलं एकेक चांगलं सांगितलं. सावलीला म्हटलं, तुझा 'क्ष' वर्गात सगळ्यांत सुरेख आहे. म्हणाली, "मला माहितीय." पण हसली गं! अशी मुलगी त्या तुकडीत गेली तर पुन्हा तिचा आवाज ऐकू येणार नाही.

पत्र लांबलं, सांभाळून घे.

तुझीच,
भाची

ता. क. आमचे हेडसर तुझे विद्यार्थी. तुझा विषय निघाला की अजून शर्टाचं वरचं बटण लावतात. सोमवारच्या आत त्यांना फोन कर (टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून या पत्राचा फोटो आतोबांच्या मोबाइलवर पाठवतेय). पण रागावू नकोस. आधी शाळेच्या गुलाबांचं कौतुक कर, नेमक्या शब्दांत (ते त्यांनी स्वतः लावलेत). मग मुलीचा विषय काढ.

आणखी एक. ती कपाटावरून उतरली कशी, ते लिहायचं राहिलं. ती काही केल्या उतरेना, म्हणून मीच टेबलावरून वर चढले, तिच्याजवळ बसून सॉरी म्हटलं. हेडसर आत आले तेव्हा पृथ्वीच्या एका बाजूला ती होती आणि दुसऱ्या बाजूला मी. मग दोघी बरोबरच उतरलो. सोमवारी मलाही बोलावलंय. तेव्हा गुलाबांचं कौतुक जरा सढळ हाताने कर.