कोरडं पत्र

लातूर, ४ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
गुरुलिंगचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि माझं नुकसान झालं. जबड्यातली गाठ काढली तिथली जखम भरेना. तोंडातून हनुवटीखाली आरपार भोक पडलंय, थुंकी गळते. म्हणून डॉक्टरांनी त्यात स्पंज भरून वर पट्टी चिकटवली आहे. नळीनं एक मशीन तिथला ओलावा सारखा ओढते. त्या ओढीनं मांस भरून येतं म्हणे. पट्टीत हवा शिरली की मशीन बोंबलते.

दाजींची कवळी हरवली आणि ते सरपंचाला बोळक्यानं कायदा समजावून राहिलेत, हे वाचून मी हसलो. पट्टी सुटली. सिस्टर रागावल्या, की तुम्हाला बरं व्हायचं हाय का न्हाई. पंधरा दिवसांत भोक बुजलं नाही तर छातीचं मांस काढून लावणार. मला पुन्हा चिरून घ्यायचं नाही, अक्का. तेव्हा कोरडं लिही. मला बोलता येत नाही, तुझा फोन बटणाचा. पत्र मात्र बंद करू नकोस.

लोभ असू दे, फक्त हसवू नकोस.
तुझा,
गुरुलिंग

हदगाव, ८ ऑगस्ट २०२५

चि. गुरुलिंगास अनेक आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे कोरडं लिहिते. पाऊस बेताचा. सोयाबीन फुलावर आहे. कवळी सापडली. गव्हाणीत होती. म्हैस ठीक आहे. दाजींनी धुऊन पुन्हा बसवली. याहून जास्त लिहीत नाही.

एवढं लिहायला तीन कागद फाडले. लहानपणी तू रडलास की तुला हसवायचे. आता तेही चालत नाही. मला फार भीती वाटते. राखी सोबत आहे, सिस्टरकडून बांधून घे.

जिवाला जपावं, पत्र रुक्ष झालं म्हणून राग नसावा.
तुझी अक्का,
अयोध्या

लातूर, १८ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. न.

राखी आणि पत्र परवा मिळालं. ‘म्हैस ठीक आहे’ इथवर आलो आणि आवरलं नाही. पोट दुखेस्तोवर हसलो. मग घाबरून हनुवटीखाली हात नेला. पट्टी जागेवर होती. मशीन गप्प. सिस्टरच धावत आल्या.

आज डॉक्टरांनी निळं पाणी पाजलं. बाहेर एक थेंब आला नाही. भोक बुजलं. मशीन काढली आणि एखादा शब्द बोलून बघा म्हणाले. बायको शेजारी उभी होती, तिला वाटलं देवाचं नाव घेईन. मी म्हैस म्हणालो. डॉक्टरांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हैसच.

दाजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी, आणि आता कोरडं लिहू नये.
तुझा,
गुरुलिंग