टेकडीचा दाखला

१२ जानेवारी
गेल्या जूनमध्ये एका दाखल्यावर मी न बघता सही केली. म्हणून ही वही.

दाखल्यात असं होतं: गावामागच्या टेकडीवर हिंजवडीच्या कंपनीने लावलेल्या सहाशे झाडांपैकी साडेपाचशे जिवंत. खाली माझं नाव, ‘अध्यक्ष, वृक्षसमिती’. टेकडी माझ्या मागच्या दारातून दिसते. पण गुडघा दुखत होता, चहा आला होता, फोटोवाला घाई करत होता. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. तीस वर्षं शाळेत ‘आधी निरीक्षण, मग निष्कर्ष’ घोकून घेतलं. आणि हे असं.

आज कंपनीच्या रुचाचा फोन. अमरावतीची पोरगी, बोलायला गोड. “मॅडम, मार्चएंडला यंदाचा दाखला लागेल. सेम फॉर्मॅट. फक्त तारीख बदलायची.”

परवा वर जाते.

१४ जानेवारी
सकाळी सातला कमलबरोबर चढले. कमल माझी जुनी विद्यार्थिनी, खालच्या वस्तीतली. वस्तीला पाणी टेकडीच्या झऱ्याचं. काळ्या पाइपातून विहारामागच्या टाकीत येतं. पाइपाची देखभाल कमलकडे.

जिवंत झाडं त्रेचाळीस. दोनदा मोजली.

एका खड्ड्यात हात घातला. रोपाची काळी पिशवी निघाली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. तीन वर्षं त्याच खड्ड्यांत लावताहेत, मेलेल्यावर नवं. शिसारी आली. त्या खड्ड्यात माझी सहीसुद्धा आहे.

कमल म्हणाली, “बाई, साडेपाचशे म्हंजी मुंग्या बी धरल्या आसतील त्यांनी.”

पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, त्यामुळे गवत छातीएवढं. आणि जानेवारीतच वाळून खडखडीत. थंडी नाहीच, गोधडी पेटीतून काढली नाही, पंखा चालू. आंब्याचा मोहर काळा पडून गळतोय. टाकी भरायला सकाळ पुरायची, आता दुपार होते. उतरून घरी आले तर साडीचा काठ कोरडा, वहाणा कोरड्या.

१७ जानेवारी
रुचाला फोनवर सांगितलं, त्रेचाळीस.

“मॅडम, आमच्याकडे प्लँटेशन येतं. सर्वायव्हल वेगळं हेड आहे.”

“मग मेलेली कोण बघतं?”

तिला समजावलं की हे गवत पेटलं तर उरलेली झाडंही जातील. झाडांच्या कडेने दहा पावलं रुंदीचा पट्टा कापून मोकळा ठेवला तर वणवा तिथे थांबतो. कापायला माणसं द्या.

“व्हॉलंटिअर्स जूनमध्येच येतात, मॅडम.”

बरोबर आहे. जूनमध्ये टी-शर्ट मिळतो. विळा कुणाला हवाय?

२३ जानेवारी
गावात विचारून झालं. गवत कापायला कुणी येत नाही. गोठे रिकामे, उरलेल्या चार म्हशींना पेंड पोत्यातून. पोरंसोरं कंपनीच्या कॅबवर. सरपंच म्हणाले, ठराव घेऊ. ठराव घ्यायला मात्र माणसं मिळतात.

धाकटा दीर बबन आला. लग्न होऊन आले तेव्हा तो सहावीत होता, म्हणून अजून अरे-तुरे.

“वैनी, कापताय कशाला? पट्टा जाळून टाकू. आमी आन् दादा दरसाल जाळायचो.”

“आग पसरली तर?”

“कशी पसरंल? पहाटं दहिवर पडल्यालं आसतं. गवत भिजल्यालं. आग रांगत जाती, फोकानं झोडपली की बसती.”

खरं आहे. मी नवी होते तेव्हा जानेवारीत सकाळी टेकडीवर गेलं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. वर्गात दव कसं पडतं हे शिकवलेलं. हो म्हटलं.

बुधवारी सकाळी.

२९ जानेवारी
काल लिहिता आलं नाही. हाताला फोड.

जे झालं ते क्रमाने. साडेपाचला मी, बबन, कमल, आणखी दोघं. प्रत्येकाच्या हातात निरगुडीचा फोक. बबनने गवतावरून हात फिरवला. कोरडा. म्हणाला, “येईल, उजाडताना पडतंच.” वाट पाहिली. उजाडलं. मी घड्याळ पाहिलं, गवताला हात लावला नाही. म्हटलं, लाव.

काडी लागल्यावर आग रांगली नाही. धावली. फोकाने झोडपायला गेलो तर फोकच पेटले. वारा सुटला. आठच्या आत माथ्यापर्यंत सगळं काळं.

माणसं, जनावरं सुखरूप. झाडं गेली. आणि झऱ्यापासून वस्तीपर्यंतचा पाइप वितळून मातीला चिकटला. अख्ख्या वस्तीचं पाणी बंद.

कमलने पाइपाचा एक तुकडा उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवला.

आत्ता ही वही मागे चाळली. चौदा तारखेला मीच लिहिलंय: काठ कोरडा, वहाणा कोरड्या. लिहिलं आणि वाचलं नाही. दाखल्यासारखंच.

३१ जानेवारी
सरपंच घरी आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला सुरुवात.

“बाई, पर्यटकांनी सिगारेट टाकली. असं लिहून द्या. रविवारी बावधनकडनं गाड्या येत्यातच.”

“बुधवार होता.”

“बुधवारीबी येतो एखादा. खरं लिवलंत तर केस व्हईल, बबनला नेतील. दिराला आत घालताय व्हय?”

अर्ध्या तासात रुचा. तिला कुणी कळवलं ते विचारलं नाही. “मॅडम, नॅचरल फायर लिहिलं तर रीप्लँटेशन मंजूर होईल. जूनमध्ये परत सहाशे. सगळ्यांनाच सोपं पडेल.”

म्हणजे चौथी पिशवी. आणि मेलेली पाचशे सत्तावन्न एका काडीत हिशेबातून गेली. मार्चचा दाखलासुद्धा सुटला. माझ्या आगीने सगळ्यांची सोय झाली. वीट आला यांचा. आणि क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं, त्याचा जास्त.

पाइपाचं दोघांनीही विचारलं नाही.

६ फेब्रुवारी
वस्तीच्या बाया झऱ्यावरून हंडे आणतात. चढ-उतार पाऊण तास. ऊन आत्ताच एप्रिलसारखं. राखेतून चालतात, पाय काळे.

आज मीही एक कळशी आणली. कमल मागे होती. “बाई, सांडू नका. सांडलं तर पर्यटकानं सांडलं म्हणून लिवावं लागंल.”

सगळ्या हसल्या. मी पण.

बबन नऊ दिवस ओट्यावर फिरकलेला नाही. पूर्वी रोज दोनदा चहाला.

१९ फेब्रुवारी
बबन आला. उभाच.

“वैनी, झोप न्हाई. दहिवर गेलं कुटं? ह्या वयाला आलो, मला कळलं न्हाई ते जातंय.”

“मला कळायला हवं होतं.”

“लिवणार हाय का?”

“हो. माझ्या सांगण्यावरून आग लावली, असं लिहिणार. तुझं नाव नको.”

“का? काडी मी वडली. दोन नावं घाला. एकटीनं मोठेपणा घेऊ नका.”

चहा टाकला. बशीत ओतून प्यायला. केस झाली तर काय, हे दोघांनीही काढलं नाही. तो गेल्यावर बराच वेळ बशी धुतली नाही.

१२ मार्च
परत वर. कंपनीची सहा झाडं जगलीत, सगळी करंजाची.

पण खड्डे सोडून बाकी टेकडीवर जुने तोडलेले खुंट आहेत. कुंभा, ऐन, हिरडा. मी इतकी वर्षं त्यांना नुसते दगड समजत होते. त्यांना तांबूस फुटवे आलेत. सत्तरपर्यंत मोजले, पुढे दम लागला. ही झाडं कुणी लावली नाहीत, यांचा फोटो नाही, यांना कुणी टी-शर्ट घालून पाणी घातलं नाही. मुळं खाली जिवंत आहेत. त्यांना फक्त आग आणि शेळ्या नकोत.

कमलला दाखवले. “मग खड्डे कशाला खांदायचे?”

दिवाळीनंतर गवत ओलसर असतानाच कापून न्यायचं. जाळायचं नाही, कुठल्याही महिन्यात. दोन पावसाळे शेळ्या बंद. पाइप जमिनीत हातभर खोल. एवढंच. यात उद्‌घाटन करण्यासारखं काही नाही, हीच अडचण.

शेळ्यांचं काढलं तर कमल फणकारली. “माझ्या चार शेळ्या काय तुमच्या घरात बांधू?” तिचंही खरं.

३१ मार्च
विहारात बैठक. मी, बबन, कमल, सरपंच, रुचा. रुचाने दाखला छापूनच आणला होता, कारण ‘नैसर्गिक वणवा’. पेनसुद्धा तिने टोपण काढून पुढे केलं.

मी तिच्या हाती दिलं ते असं. कंपनीचा दाखला, सहीविना परत. आगीचं निवेदन दोन पानी. आग कुणी, केव्हा, कशाच्या भरवशावर लावली ते. खाली दोन सह्या, माझी आणि बबनची. गेल्या जूनची माझी सही चुकीची होती, असं वेगळ्या कागदावर. जिवंत झाडांची यादी, सहा. फुटलेल्या खुंटांची यादी, कमलच्या अक्षरात, अपुरी. वितळलेल्या पाइपाचा तुकडा एक, सोबत नव्या पाइपाची मागणी. निवेदनाची प्रत सरपंचांना. त्यांनी ती घडी न उलगडता खिशात घातली.

पोच मागितली. रुचा लगेच सही करायला वाकली. मी हात धरला. “आधी वाच.”

बसली. पहिलं पान वाचलं. दुसऱ्यावर बबनच्या सहीशी थांबली, त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. पाइपाचा तुकडा उचलून तिने उलटसुलट केला, हाताला काजळी लागली. ती पुसायला कुठे काही मिळेना.

“सरांना विचारावं लागेल, मॅडम.”

कागद घेऊन गेली. तुकडाही.

घेणाऱ्याची सही: —