ताईचं ऐकणारी दुर्बीण

१४ सप्टेंबर

मोटर फिरली! ताई खुर्चीतून म्हणाली, "वर" – आणि दुर्बिणीची नळी कुरकुरत वर गेली. मग "खाली", "डावीकडे", "उजवीकडे", "थांब". सगळे हुकूम पाळले. आई हातातलं काम टाकून गॅलरीत आली. ताई म्हणाली, "घरात माझं ऐकणारं कुणीतरी आलं एकदाचं."

दुर्बीण तिचीच, पहिल्या पगारातून घेतलेली. लहानपणी मला चंद्र दाखवताना टपली मारायची – "नळीला हात लावलास तर बघ, ढोल्या." आता तिच्या हातात चमचाही ठरत नाही. आजार हातांपासून सुरू झाला. पुढे कुठे पोचणार, ते डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून कॉलेजचा प्रोजेक्ट हाच घेतला – तिच्या आवाजावर चालणारी दुर्बीण. थोड्या दिवसांनी संध्याकाळी शनी समोरच्या इमारतीच्या वर दिसायला लागेल. तो तिने स्वतः शोधायचा, कुणी दाखवायचा नाही. ही तिची अट.

५ ऑक्टोबर

दुर्बीण ढिम्म हलेना. माइक बदलला, वायरी सोडवून पुन्हा जोडल्या. ताई काहीतरी बोलली. मी तीनदा "काय?" विचारलं. शेवटी आईने सांगितलं, "ती म्हणतेय, मशीन धड आहे. बिघडलेय मी."

बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

६ ऑक्टोबर

प्रोजेक्टमधला माझा जोडीदार, चष्मिस, म्हणाला, "आवाज बदलला ना? मग नमुने बदल." आता दर रविवारी ताईचे शब्द नव्याने रेकॉर्ड करायचे आणि जुने पुसायचे. जुने ठेवले की मशीन गोंधळतं.

२ नोव्हेंबर

"वर"चं आता नुसतं "ऑ" झालंय. मशीनला कळतं, मला नाही. आणि आईला कळतं. ताई जे बोलेल ते आई आधी तस्संच बोलून बघते, तोंड तसंच वाकडं करून, आणि मग अर्थ सांगते. मला ते बघवत नाही, थट्टा केल्यासारखं वाटतं. आज ओरडलो आईवर. ताईने माझ्यावरच डोळे वटारले.

१० नोव्हेंबर

शनी! तिने शोधला. दोनदा नळीसमोरून निसटला. मी हात पुढे केला की तिचा चेहरा असा काही व्हायचा की मी मुकाट्याने मागे. मग ती "आं" म्हणाली – थांब. आणि डोळा लावून बसून राहिली. लाळ पुसायलासुद्धा तिने आईला जवळ येऊ दिलं नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. नाही झालो. पुन्हा असं होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

४ डिसेंबर

परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक स्वतः माइकसमोर "वर" म्हणाले. नळी जागची हलली नाही. "एकाच माणसाचं ऐकणारं यंत्र काय कामाचं?"

"त्याच माणसाच्या कामाचं, सर."

काठावर पास. घरी येऊन ताईला सांगितलं. हसली – नुसत्या डोळ्यांनी.

१९ डिसेंबर

ताई गेली.

२ जानेवारी

सप्टेंबरातलं ते खणखणीत "वर" ऐकावंसं वाटलं. मग आठवलं. लग्नाबिग्नांच्या व्हिडिओंत ती आहे, पण दुर्बिणीला हुकूम सोडणारी ती कुठेच नाही. ती मीच पुसली, दर रविवारी थोडी थोडी. उरलंय ते शेवटच्या रविवारचं, कण्हल्यासारखं "ऑ". ते मला ऐकवत नाही.

७ जानेवारी

चष्मिस येऊन गेला. जपून, अडखळत म्हणाला, "तुझा आवाज टाक त्यात. नाहीतर पडून राहील." मी माइकसमोर "वर" म्हणून पाहिलं. कसलं काय!

बरोबर आहे त्याचं. उद्या तेही पुसतो, ताईचं उरलेलं.

८ जानेवारी

पुसायला मशीन चालू केलं आणि लॅपटॉप आणायला आत गेलो, तर मोटर वाजली. परत आलो. आई ताईच्या खुर्चीत बसली होती. तिने मला पाहिलं नाही. तोंड वाकडं करून ती पुन्हा "ऑ" म्हणाली – थेट ताई. नळी कुरकुरत वर गेली.